लेबर माफ

माणूस लोखंडाचे पैसे मुकाट देतो. हाताचे द्यायची वेळ आली की त्याच्या पोटात कळ येते. हे मला शाळेत कुणी शिकवलं नाही, कारण चौथीनंतर शाळेनं मला आणि मी शाळेला सोडून दिलं. उल्हासनगरच्या एका गॅरेजात गाडीखाली उताणा पडून, डोळ्यांत ग्रीस आणि नाकात माती जात असताना मी ते शिकलो. परवा आमच्या मिलिंदनं गाडी सर्व्हिसिंगला दिली होती, ती आणायला मला बरोबर नेलं. काचेची केबिन, थंड हवा, फुकटची कॉफी. बिल हातात आलं तसा मिलिंद भडकला. पार्ट्सच्या आकड्यांवरून त्याची नजर सरळ खाली घसरली आणि 'लेबर' लिहिलं होतं तिथं जाऊन अडकली. "एवढं लेबर? हात लावायचे एवढे?" काउंटरवरची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "सर, ते ठरलेल्या रेटप्रमाणे आहे." मिलिंद माझ्याकडं वळला. "बाबा, तुम्हीच सांगा, हे रास्त आहे का?" सगळी हयात गाड्या बांधण्यात गेलेला बाप शेजारी उभा असताना पोरानं हे विचारावं याचा मला राग आला. शिरगावला घरी येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत होतो. त्याला वाटलं, बाप रुसला. मी मनानं माझ्या उस्तादाकडं, ज्यानं मला हे काम शिकवलं त्याच्याकडं, जाऊन आलो होतो.

आम्ही तेव्हा विठ्ठलवाडीला राहायचो, एस.टी. डेपोच्या मागच्या चाळीत, एकाच खोलीत. डेपोतल्या बस अंधारातच सुरू व्हायच्या, आणि अंथरुणात पडल्या पडल्या मी आईला सांगायचो, ही बस आज घाटात बसणार, हिचं इंजिन खोकतंय. आई म्हणायची, "तू आधी उठून पाणी भर, मग बसचं बघ." आई घाटावरची, ज्वारीच्या भाकरीवर वाढलेली, पण इथं आल्यावर तिनं सुकं मासं शिकून घेतलं होतं. तव्यावर जवळा पडला की वास आधी शेजारच्या घरात जायचा आणि मग आमच्या नाकात यायचा, कारण वारा डेपोच्या बाजूनं वाहायचा. जवळा, वर कांदा, लाल चटणी आणि गरम भाकरी. आज बदलापूरच्या बाजारात जवळा मिळतो, सून करतेही चांगला, पण तो तव्यावर चुरचुरल्याचा आवाज मला आता ऐकू येत नाही. कान गेले. इंजिनाच्या शेजारी आयुष्य काढल्यावर कान राहत नाहीत, त्याचे पैसे कुठल्या बिलात लावायचे ते मला कुणी सांगितलेलं नाही.

आबा, म्हणजे माझे वडील, अंबरनाथला कारखान्यात होते. आम्ही दीक्षा घेतलेली माणसं. घरात फार काही नव्हतं, पण दोन-तीन गोष्टींच्या बाबतीत आबा लोखंडासारखे होते, आणि त्यातली एक म्हणजे कामाचा भाव. शेजारच्यांचं कौल फुटलं आणि त्यांनी आबांना चढायला सांगितलं, तर आबा खालूनच विचारायचे, "पैसं देणार का फुकाट?" समोरचा ओशाळायचा. "अहो, तुम्हाला काय द्यायचं ते देऊ की." हे वाक्य निघालं की आबा शिडी उचलून घरात. फुकट करायचं तर फुकट म्हणून सांगून करायचे, आनंदानं करायचे, चहासुद्धा प्यायचे नाहीत. पैशानं करायचं तर आकडा आधी. पण 'काय द्यायचं ते देऊ' हे आमच्या घरात शिवीसारखं होतं. कारण त्यांनी मला एकदाच सांगितलं, पुन्हा कधी काढलं नाही. "माझा बाप खळ्याच्या कडंला हुबा ऱ्हायचा. वरीसभर गावाचं समदं काम करायचा, आन् शेवटाला मालकाच्या मनात यील तेवढं पदरात पडायचं. किती, म्हून इचारायची सोय न्हाई. त्यो हुबा ऱ्हायचा ना, ते मी बघितलंय."

तर अशा घरातला मी, मिसरूड फुटायच्या आत गोबिंद उस्तादाच्या गॅरेजात चिकटलो. उस्ताद सिंधी. फाळणीत सिंधमधून आलेला, उल्हासनगरच्या निर्वासित कॅम्पातल्या बरॅकमध्ये वाढलेला, रंगानं गोरा पण कोपरापर्यंत काळा, कारण मालक असूनही गाडीखाली तोच आधी जायचा. त्याचं घर गॅरेजच्या मागेच होतं. उन्हातून कुणीही आलं की त्याची बायको, आमची चाची, आधी पाणी आणि भाजलेला पापड पुढं करायची. पहिल्या दिवशी मला वाटलं, जेवायला बसवतात आणि नुसता पापडच देतात. दुपारी चाचीची कढी असायची, बेसनाची आंबट, त्यात भेंडी आणि शेवग्याच्या शेंगा, आणि खाली भाताचा डोंगर. उस्ताद म्हणायचा, "खा बेटा, गाड़ी पेट्रोल पे चलती है और मिस्त्री कढ़ी पे." त्याला तीन मुली, मुलगा नाही. लोकांसमोर माझ्या पाठीवर थाप मारून म्हणायचा, "मेरे बाद ये गाला सुदामा का." पहिल्यांदा मी हसण्यावारी नेलं. मग एके दिवशी त्यानं गाळ्याच्या मालकाला बोलावून माझ्यादेखत सांगितलं, की भाड्याच्या पुढच्या कागदावर आपल्याबरोबर या पोराचंही नाव घालायचं. त्या रात्री मी जेवलो नाही. आनंदानं पोट भरतं हे खरं आहे.

उस्तादाची धंद्याची एक रीत होती. काम झालं की हात पुसायचे, दोन खुर्च्या ओढायच्या, चहा सांगायचा आणि गिऱ्हाइकाला बसवायचं. मग बोलणं सुरू. पोराचं लग्न, भाताचं पीक, कॅम्पात कुठं काय जळालं, कुणाचा मेहुणा कुठं पळाला. गिऱ्हाइकालाही घाई नसायची. अर्धा तास गेला की गिऱ्हाईक सहज विचारल्यासारखं विचारायचं, कितीला पडलं. उस्ताद पार्टचा आकडा सांगायचा. गिऱ्हाईक म्हणायचं, फार होतंय. उस्ताद म्हणायचा, साईं, बाजार में पूछ लो. पुन्हा पाच-दहा मिनिटं वरखाली. आणि शेवटी गिऱ्हाईक खिशात हात घालणार तेवढ्यात उस्ताद दोन्ही हात जोडून म्हणायचा, "और लेबर? लेबर माफ! आप तो अपने हो." गिऱ्हाईक खूश. उठताना उस्तादाला मिठी मारायचं.

लेबर अर्थातच माफ नव्हतं. ते पार्टच्या आकड्यात बसलेलं असायचं. क्लच प्लेट जेवढ्याची, जवळजवळ तेवढेच वर हाताचे. मी एकदा विचारलं, उस्ताद, सरळ का सांगत नाही? तो म्हणाला, "बेटा, आदमी को लोहा दिखता है. हाथ में पकड़ सकता है, घर ले जाके बीवी को दिखा सकता है. तेरा पसीना बीवी को कैसे दिखाएगा?" आणि हसला. मला ते पटलं नाही, पण पोटात कढी होती आणि समोर गाळा होता, म्हणून मी गप्प बसलो.

मग एका सुट्टीच्या दिवशी आबा मला डबा द्यायला गॅरेजात आले. डबा आईनं हट्टानं पाठवलेला, बोंबलाचं कालवण, कारण मी चाचीकडं रोज जेवतो हे तिला खुपायला लागलं होतं. एका ट्रकवाल्याचं काम संपत आलं होतं आणि मी आतून, गाडीच्या पोटातून, आबांच्या चपला ओळखल्या. ट्रकवाला, उस्ताद, चहा, आकडा, आणि नेहमीप्रमाणे शेवटी, "लेबर माफ!" मला चपला हललेल्या दिसल्या. मी बाहेर येईपर्यंत आबा डबा स्टुलावर ठेवून निघूनही गेले होते.

संध्याकाळी घरी गेलो तर आबा भिंतीला टेकून बसलेले. "त्यो मानूस काय म्हनला? लेबर माफ?"

"ती बोलायची पद्धत आहे आबा. माल के भाव में..."

"मराठीत बोल."

"पार्टच्या पैशात माझे धरलेले असतात. मिळतात मला."

"मिळत्यात ते ठावं हाय मला. मी इचारतो, माफ काय असतं? माफ गुन्हा करतेत. कर्ज माफ करतेत. तू दिवसभर गाडीखाली झोपून काय गुन्हा केलास का, त्यो माफ करतोय?"

आई चुलीपाशी होती. म्हणाली, "आवं, एक शब्द त्यो. शब्दानं काय अंगाला भोक पडतंय?"

"पडतं," आबा म्हणाले. "तुझ्या सासऱ्याला पडलं व्हतं."

आणि मी सांगतो, त्या दिवसापर्यंत तो शब्द माझ्या कानावरून हजारदा गेला असेल, पण दुसऱ्या दिवसापासून मला तो नीट ऐकूच यायला लागला. प्रत्येक चहाच्या शेवटी. उस्ताद हात जोडायचा आणि मला आत कुठंतरी माझा आजोबा खळ्याच्या कडेला उभा दिसायचा, ज्याला मी कधी पाहिलेलं नाही.

जांभूळ गावचा काथोड पाटील हे आमचं जुनं गिऱ्हाईक. उंच, काळा, गळ्यात सोन्याची चेन, तीन चाकी टेम्पोत गावातलं दूध आणि गवत भरून कॅम्पात आणायचा. आला की गॅरेजभर त्याचा आवाज. मला म्हणायचा, "सुदाम्या, लगीन कर रं, नायतर टेम्पोशीच लावून देन." त्याची क्लच प्लेट गेली. गिअरबॉक्स खाली घेतला, तर आतलं बेअरिंगही खाल्लेलं. दोन दिवस मी त्या टेम्पोखालून हललो नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काम झालं, पाटील एक चक्कर मारून आला, खूश होता. दोन खुर्च्या, चहा. भाचीच्या हळदीत कोण पिऊन कुठं पडला ते त्यानं सगळं नक्कल करून सांगितलं, उस्ताद हसून हसून खोकला. मग पाटलानं विचारलं, "बोल उस्ताद, कवरं झालं?"

उस्तादानं प्लेटचा आणि बेअरिंगचा आकडा सांगितला. वरखाली झालं. पाटलानं पैसे काढले.

"और लेबर," उस्ताद हात जोडून म्हणाला, "काथोड सेठ से लेबर लूंगा? माफ!"

मी पाने पुसत होतो. हातातला पाना खाली ठेवला आणि म्हणालो, "प्लेट त्याच्या निम्म्याची आहे."

पाटील मान वळवून हसतच म्हणाला, "काय बोललास?"

"प्लेट निम्म्याची. बेअरिंगपण. बाकीचे माझ्या हाताचे आहेत. दोन दिवस तुमच्या गाडीखाली होतो, दादा."

"म्हंजे माफ नाय?"

"नाय. कधीच नव्हतं."

पाटील उस्तादाकडं बघून म्हणाला, "उस्ताद, पोरगा दारू पिला काय आज?" अजून हसतच होता. उस्तादही हसला. त्याचं ते हसणं मी विसरलो नाही. तो हसत होता आणि डोळे माझ्याकडं लावून होता, आणि डोळे हसत नव्हते. "मजाक करता है," तो म्हणाला. "बोल ना बेटा. बोल, मजाक किया."

एक शब्द बोलायचा होता. गाळा होता, चाची होती, सगळं होतं.

"मजाक नाही केली," मी म्हणालो.

पाटील उठला. मला वाटलं होतं तो पैशावरून भांडेल. तो पैशाबद्दल बोललाच नाही. "आरं, मी गावभर सांगत फिरतो," तो उस्तादाला म्हणाला, "हळदीत सांगतो, जत्रेत सांगतो, की कॅम्पातला माझा उस्ताद कुनाला सोडत नाय, पन माझ्याकडून लेबर घेत नाय. डब्बल घे ना! डब्बल घेतलं असतंस तरी दिलं असतं. येडा कशाला बनवलास?" पूर्ण पैसे, घासाघीस व्हायच्या आधीचे, त्यानं खुर्चीवर ठेवले आणि टेम्पो काढून गेला. गिअर मात्र लोण्यासारखे पडले, तेवढं मी ऐकलं.

उस्तादानं शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्यानं कप उचलले आणि स्वतः धुऊन ठेवले.

मग ते सुरू झालं. जांभूळहून गोष्ट बदलापूरला गेली, तिथून अंबरनाथच्या रिक्षा स्टँडवर, आणि फिरून कॅम्पात आली. लोक माल स्वतः आणायला लागले. कागदात बांधलेली नवी प्लेट समोर ठेवायची आणि म्हणायचं, "उस्ताद, माल आणलाय, तेवढा बसवून दे. लेबर तर तुझ्याकडं माफच असतं." काही खरंच तसं समजून म्हणायचे, काही डिवचायला. उस्तादानं आयुष्यभर जे तोंडानं माफ केलं ते आता कुठल्या तोंडानं मागणार? मी म्हणायचो, उस्ताद, आकडा सांगा, मी आहे ना. तो तोंड उघडायचा आणि बाहेर पडायचं, "जो समझो, साईं." आणि लोक फारच थोडं समजायचे. गाडीखालचा सगळ्यात जुना हात उल्हासनगरात त्याचा होता, पण त्या हाताचा आकडा त्याला उच्चारता येत नव्हता. मुलाला बोबडेपणा असतो ना, एखादं अक्षरच येत नाही, तसं.

एके दिवशी दुपारी त्यानं मला मागं घरात बोलावलं. चाची आत होती, कढीचा वास येत होता. म्हणाला, "तू जांभूळ जा. काथोड के घर. बैठ, खाना खा. बोल, उस दिन मैंने मजाक किया था. बस."

"झूठ नाही बोलणार, उस्ताद."

"झूठ कहाँ है इसमें? उसको पता है."

"काय पता आहे?"

"सब. प्लेट कितने की आती है, लेबर कितना है. दूध का धंधा करता है, हिसाब मेरे से अच्छा आता है. पहले दिन से पता है उसको. मुझे भी पता है कि उसको पता है. तूने सिर्फ बोल दिया." तो बराच वेळ हाताच्या रेषांमधला काळेपणा खरवडत राहिला. "अब जो बोल दिया वो वापस ले ले. वो भी यही चाहता है. आदमी हर किसी के साथ हिसाब नहीं करना चाहता, बेटा."

मला हे कळलं नाही असं नाही. कळलं. पण माझ्या डोळ्यांसमोर आबांच्या चपला होत्या, गाडीखालून दिसलेल्या, मागं वळणाऱ्या. मी म्हणालो, "मी नाही जाणार." तो म्हणाला, "फिर मैं कैसे चलाऊं?" मी उठलो. चाची दारात आडवी आली. "रोटी खा के जा." मी म्हणालो, भूक नाही. तिला खोटं कळलं, कारण मला भूक नसलेला दिवस तिनं पाहिलाच नव्हता.

घरी सांगितलं तर आबांनी मला जवळ बसवलं, जे ते कधी करत नसत. म्हणाले, "बरं केलंस." आई भाकरी थापायची थांबली. "काय बरं केलं? त्या मानसानं लेकराला पोसलं, हुन्नर दिला."

"पोसलं म्हून इकत घेतलं का?"

"इकत नसंल घेतलं. पर आता त्याच्याकडं कोन हाय?"

आबा काही बोलले नाहीत, आणि आबा गप्प बसले की आईचा मुद्दा बरोबर असायचा.

मी बदलापूरला पत्र्याची शेड टाकली. दारावर बोर्ड लावला, मीच रंगवला, आबांनी शिडी धरली. 'हाताचे दर' असं वर मोठ्या अक्षरात, आणि खाली प्रत्येक कामाचा आकडा. अक्षरं उतरती झाली होती, शुद्धलेखन कसं होतं ते विचारू नका, पण बदलापूर-अंबरनाथमध्ये असा बोर्ड दुसरा नव्हता. सुरुवातीला लोक वाचायचे, हसायचे आणि पुढं जायचे. मला 'आडमुठा मिस्त्री' नाव पडलं, ते अजून आहे. मग हळूहळू यायला लागले. मी माल गिऱ्हाइकालाच आणायला सांगायचो, आकडा बोर्डावरचा घ्यायचो, कमी नाही, जास्त नाही. काम झालं की गाडी घेऊन जा. खुर्ची मी ठेवलीच नाही. याच दरांवर मी घर बांधलं, मिलिंदला इंजिनिअर केलं, आणि मला त्यात लाज वाटावी असं काही दिसत नाही. काचेच्या केबिनमधलं ते लेबर रास्त आहे का म्हणून त्यानं विचारलं. आकडा रास्त असेलही. पण ज्यानं गाडी बांधली तो मला दाखवा, त्याच्या हातात त्यातलं किती पडतं ते तो सांगू दे, मग बोलू. तो काचेच्या पलीकडं असतो. आम्ही दोघं निघालो तेव्हा मी काचेपलीकडच्या एका मिस्त्रीला हात केला, त्याला वाटलं, काहीतरी तक्रार आहे.

उस्तादाचं गॅरेज बंद झालं ते मला दुसऱ्याकडून कळलं. त्याच गाळ्यात त्यानं पार्ट्सचं दुकान घातलं. नुसतं लोखंड. काउंटरच्या मागं स्टुलावर बसून विकायचा, म्हणे हात स्वच्छ असायचे. मी गेलो नाही. एकदा गेलो आणि समोरच्या बाजूनं पुढं निघून आलो. आबा गेले तेव्हा तो आला होता, चितेपासून लांब उभा होता, आणि मी जवळ जाईपर्यंत गर्दीत नाहीसा झाला.

मग किती काळ गेला कोण जाणे, एका दुपारी माझ्या शेडसमोर स्कूटर ढकलत एक म्हातारा आला. टाळूवरचे केस गेलेले, शर्ट पांढरा. घामाघूम. "क्लच की केबल गई," तो म्हणाला, जसं काय रोजच येतो. खिशातून नवी केबल काढली, स्वतःच्या दुकानातली. "माल लाया हूं."

उल्हासनगरपासून बदलापूरपर्यंत रस्त्यात किती मिस्त्री आहेत ते मी सांगायला नको. आणि केबल त्याला झोपेत बदलता आली असती. मी त्याच्या हातांकडं बघतोय हे त्यानं ओळखलं. "हाथ कांपते हैं अब," म्हणाला. मला काही कापताना दिसले नाहीत.

मी केबल बदलली. बदलता बदलता ब्रेक बघितला, कार्बोरेटर खोलून साफ केला, प्लग घासला, जे त्यानं सांगितलं नव्हतं. तो उभाच होता, मी खोका पुढं सरकवला तर त्यावर बसला. चाची कशी आहे विचारलं. "है," म्हणाला. मुली विचारल्या. सगळ्यांची लग्नं झालेली. बोलणं एवढंच. काम झालं, मी हात पुसले.

"कितना हुआ?"

मी बोर्डाकडं बोट केलं. दिवसातून कितीदा तरी करतो, सवयीनं केलं. त्यानं चष्मा लावला आणि बघत राहिला. तेव्हा माझ्या लक्षात आलं, त्याची लिपी वेगळी, उजवीकडून डावीकडं जाणारी. माझा बोर्ड त्याला वाचता येत नव्हता.

"क्या लिखा है? पढ़ के सुना."

मी वाचून दाखवलं. केबलची ओळ तेवढी वाचून थांबलो, तर म्हणाला, "पूरा पढ़." मग मी पूर्ण वाचला. प्लेट, हाताचे एवढे. ब्रेक, हाताचे एवढे. तो मान हलवत ऐकत होता. मध्येच म्हणाला, "इंजिन बांधने का कम रखा है तूने." बरोबर बोलला. कमीच होतं.

"सबको एक ही भाव?"

"सबको."

"मुझे भी?"

त्याच्या डोळ्यांत जरासं हसू होतं. तो खोक्यावर मागं रेलला होता, पाय लांब केलेले, घरी जायची घाई नसलेल्या माणसासारखा. मी एक आकडा म्हणावा, त्यानं निम्मा म्हणावा, मी नाही म्हणावं, मग बाजार, मग भाव, मग काथोड पाटलाची भाची, अशी ती अख्खी दुपार. एवढ्यासाठी तो स्कूटर ढकलत आला होता. हे मला आज कळतं असं नाही, तेव्हाच कळलं होतं.

"सबको, उस्ताद," मी म्हणालो.

त्यानं पाय जवळ घेतले. उठून पैसे दिले, बोर्डावरचे, केबलचे, बरोब्बर तेवढे. "ठीक है," म्हणाला. "यही ठीक है." त्यानंतर तो मला दिसला नाही.

आबा असते तर म्हणाले असते, बरं केलंस. मीही तेच म्हणतो. भाव एकच असतो, ओळखीचा वेगळा आणि अनोळखी माणसाचा वेगळा असा भाव नसतो, आणि यात मी चुकलो असं कुणीही माझ्या तोंडून वदवून घेऊ शकणार नाही. फक्त एक आहे. त्यानं स्कूटर स्टँडवरून काढली, किक मारायला पाय वर घेतला, आणि पहिल्याच किकेला ती सुरू झाली. काम तसं झालेलंच होतं. दोन-चार किका वाया गेल्या असत्या तर बरं झालं असतं.